भाचीसाठी दोन बाजा

साहेब, तुम्ही खोटं बोलता. दवाखान्यात खाटा शिल्लक नाहीत असं तुम्ही आजूबाजूच्या गावांना सांगत आला आहात. खाटा आहेत. त्यांच्यावर बाया झोपलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्या झोपल्या याला कारण मी आहे. म्हणून तर तुमची नोटीस माझ्या घरी आली: 'अनधिकृतरीत्या उद्घाटन घडवून आणल्याबाबत खुलासा सादर करावा.' खुलासा मागितलात, देतो. पण पाकिटात घालून देणार नाही, चारचौघांत देतो. तुमचं नाव लिहीत नाही, दवाखान्याचंही लिहीत नाही. घाबरून नव्हे. तुमचं नाव तुम्हाला माहीत आहे, आणि वाचणाऱ्याने आपल्या भागातलं कोणतंही नाव घालून पाहावं, बहुतेक बसेल.

मी प्रेमानंद. सेनगावात बसस्टँडजवळ मिक्सर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मला लिहायला कोणी शिकवलं नाही. गिऱ्हाईक ज्या वर्तमानपत्रात मिक्सर गुंडाळून आणतात ते वाचत वाचत शिकलो, त्यामुळे माझ्या ज्ञानावर अधूनमधून चटणीचे डाग आहेत. आम्ही मध्यमवर्गीय आहोत. म्हणजे घराला स्लॅब आहे आणि तीन भिंतींना बाहेरून गिलावा आहे. चौथी भिंत शेजाऱ्याच्या बाजूला आहे, ती त्याने पाहावी.

तर माझी बहीण कमलबाई साखऱ्याला असते. तिच्या पोरीला, ज्योतीला, मुलगी झाली. पोट चिरून झाली. जावई रणजीत पुण्याला कंपनीत. त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून तो व्हिडिओ कॉलवर बाप झाला. आता मामाने पहिल्यांदा भेटायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. न्यायचं काय, हा प्रश्न आला, आणि माझी अधोगती तिथून सुरू झाली.

लेकरांना द्यायच्या भेटींबद्दल माझं एक स्पष्ट मत आहे. आपल्याकडे जे दिलं जातं ते लेकराच्या कामाचं नसतं, देणाऱ्याच्या फोटोच्या कामाचं असतं. आमच्या पोराच्या वेळी इतकी झबली आली की लेकरू मोठं होऊन शाळेत गेलं तरी काहींच्या घड्या मोडल्या नव्हत्या. वाजणारी खेळणी आली, चालणारा प्लास्टिकचा ससा आला, लेकराच्या अंगठ्यात न बसणारी अंगठी आली. आणि लंगोट? एकाच्याही मनात आला नाही. म्हणून मी ठरवलं, ज्योतीला आणि तिच्या लेकराला उपयोगी पडेल तेच न्यायचं. हा निश्चय मी दुकानात मोठ्याने बोललो, ही चूक झाली. आपल्या गावात निश्चय मनात करावा.

आधी सोनाजीराव आले. हे शेजारी, निवृत्त ग्रामसेवक. निवृत्त झाले हे फक्त सरकारला माहीत आहे, त्यांना नाही. रोज पांढरे कडक इस्त्रीचे कपडे घालतात आणि गल्लीची पाहणी करतात. म्हणाले, "पेमानंद, चांदीचे वाळे दे. चांदी वाया जात न्हाई."

"लेकराला त्याचा उपयोग काय?"

"लेकराला कशाला? अडीनडीला मोडता येते."

म्हणजे लेकरू जन्मून आठवडा झाला नाही आणि याने त्याची अडचण ठरवून टाकली.

मग समोरच्या पल्लवी मॅडम. त्या शाळेत शिकवतात, आणि शाळा सुटल्यावर आम्हाला. त्यांनी माझ्या मोबाइलवर नव्या आईबापांसाठी उपयुक्त वस्तूंची एक लांबलचक माहिती पाठवली. त्यात दूध कोमट ठेवायचं यंत्र होतं, पुसायचे ओले कागद कोमट ठेवायचं वेगळं यंत्र होतं, आणि छतावर चांदण्या दाखवणारा दिवा होता. मी म्हणालो, "मॅडम, साखऱ्याला चांदण्या दाखवायचं काम वीज कंपनी फुकट करते."

"तुम्हाला काही सांगण्यात अर्थ नाही, दादा," असं म्हणून त्यांनी आणखी अर्धा तास सांगितलं.

माझी बायको शिला भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "माझी दोन जुनी सुती लुगडी हायेत, धुऊन धुऊन मऊ झालेली. फाडून दुपटी करून देते. लेकराला नवं कापड टोचतं."

हा सल्ला बरोबर होता. म्हणूनच मी तो फेटाळला. मामाने पहिल्या भेटीला बायकोची जुनी लुगडी घेऊन जायचं? माणसाची काही इभ्रत असते का नाही? शिला म्हणाली, "इभ्रतीचे लंगोट होत न्हाईत," आणि लुगडी फाडायला घेतली.

मी विचार करकरून एक मच्छरदाणी घेतली. छत्रीसारखी उघडते, लेकरावर ठेवली की झालं. गुलाबी, वर टाचणीएवढी फुलपाखरं. उपयुक्त आणि दिसायलाही भेट वाटेल अशी. ती काखेत, शिलाची दुपटी पिशवीत खाली लपवून, मी जीपमध्ये बसलो आणि दवाखान्यात गेलो.

बाळंतिणींच्या खोलीत शिरलो आणि ज्योती दिसेना. खाटांवर पाहिलं. एकेका खाटेवर दोन दोन बाया, डोक्याकडे एक आणि पायांकडे एक. ज्योती नाही. तेवढ्यात माझ्या पायाजवळून आवाज आला, "मामा, जपून. लेकरू हाय."

ज्योती खाली होती. फरशीवर पातळ गादी, गादीवर ती, तिच्या कुशीत लेकरू. तिच्या पलीकडे तशाच गादीवर रुक्सार नावाची एक पोरगी, तिला मुलगा झालेला, आणि उशाशी भिंतीला टेकून तिची सासू अमीरबी. दोघींच्या मधून येण्याजाण्याची वाट. झाडणारी, चहावाला, पेशंटचे पाहुणे, सगळे त्या वाटेने.

मी छत्री उघडून लेकरावर ठेवली. अमीरबीने पाहिलं. "क्या मामू, छत्री आणली? आत पाऊस पडून राहिला का?"

"मच्छरदाणी आहे, चाची."

"मच्छराचं काय घेऊन बसले. इथं माणसं चावायला लागलेत."

तिचं बोलणं संपेपर्यंत एक पाहुणा मोबाइलवर बोलत आला आणि त्याचा पाय गुलाबी फुलपाखरांवर पडला. काडी मोडल्याचा आवाज झाला. लेकराला लागलं नाही, ते ज्योतीने आधीच ओढून घेतलं होतं. तिला त्याची सवय झाली होती, हे मला तेव्हा कळलं. पाहुणा मलाच म्हणाला, "रस्त्यात काहून मांडून ठेवता?" मी त्याला माफ केलं. म्हणजे तो निघून गेल्यावर मनात चार शिव्या दिल्या आणि मग केलं.

शिलाच्या दुपट्यांचं मात्र काय झालं ते सांगायला पाहिजे. ज्योतीने पिशवीत हात घातला, दुपटं बाहेर काढलं, गालाला लावलं. एक रुक्सारला दिलं. मामाच्या इभ्रतीबद्दल कोणी काही विचारलं नाही.

मी सरळ विचारलं, "ज्योती, बाई, तुला पाहिजे काय ते सांग. मी आणतो."

तिने दुपटं लेकराभोवती नीट गुंडाळलं. मग म्हणाली, "मामा, उठताना टाके ओढतात. खालून उठायचं म्हणजे आधी कुशीवर व्हा, मग हातावर, मग भिंतीला धरा. रात्री लेकरू रडलं की इतकं करेपर्यंत ते निळं पडते. मला काहीच नको. थोडं उंचावर झोपता आलं पाह्यजे."

पल्लवी मॅडमच्या माहितीत ही वस्तू नव्हती.

मी खाटेची चौकशी करायला ऑफिसात गेलो. तिथे एक बाबू होता. जाताना वाटेत मला एक बंद खोली दिसली होती. नवा रंग, दारावर लाल फीत, आणि खिडकीतून दिसणाऱ्या नव्याकोऱ्या खाटा, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

"खाटा शिल्लक न्हाईत," बाबू म्हणाला.

"त्या खोलीत आहेत की."

"तो नवा वॉर्ड आहे. त्याचं उद्घाटन राहिलंय."

"कधी आहे?"

"पाव्हण्यांची तारीख मिळून राहिली न्हाई. मोठे पाव्हणे हायेत. कधीबी येतील म्हणून साहेबांनी आम्हाला तयार राहायला सांगितलंय."

"तोवर बाया झोपल्या तर?"

बाबूने माझ्याकडे दयेने पाहिलं. "वापरलेल्या वॉर्डाचं उद्घाटन कसं करता येईल? तुमी मिक्सर दुरुस्त करता ना? आमचाबी तुमीच केला व्हता. मग तुमाला समजायला पाह्यजे. वापरला की तो जुना झाला."

या तर्काला मी आजवर उत्तर शोधतो आहे. शेवटी मी विचारलं, "घरची बाज आणली तर चालेल?"

"आणा की. पण लेखी परवानगी मागू नका. लेखी मागितली की न्हाई म्हणावं लागते."

बाज म्हणजे लाकडी चौकटीवर सुती पट्टी विणलेली खाट. आमच्याकडे बाळंतीण बाजेवर असते, ही जुनी रीत आहे. म्हणजे ज्योतीला देण्यासारखी सगळ्यात उपयुक्त भेट पहिल्यापासून माझ्यासमोर होती, फक्त ती गुलाबी नव्हती. जवळा बाजारला अन्सारचाचा बाजा विणतात. त्यांच्या हाताची बाज दहा वर्षं झोळ खात नाही. मी तिथेच दवाखान्याच्या पायरीवर बसून फोन लावला. ज्योतीला एक आणि रुक्सारला एक, कारण एकीला वर चढवून दुसरीला तिच्या पायाशी ठेवणं मला पाहवलं नसतं. या चांगुलपणानेच घात केला. मराठीत एक असली तर बाज. दोन झाल्या की बाजा. मी स्वार्थी असतो आणि एकच मागितली असती तर आज ही नोटीस आली नसती.

फोन चाचांच्या पुतण्याने, सोहेलने उचलला. चाचा नमाजला गेले होते. सोहेल हा बँडमास्तर आहे, लग्नांत वाजवतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक आहे. सगळ्या भागाला ठाऊक आहे.

"चाचांना सांग, उद्या सकाळी दोन बाजा पाठवा," मी म्हणालो.

"बाजा? दोन?" त्याच्या आवाजात एकदम जीव आला. "चाचाला काहून सांगायचं मामू, मी हाय ना! दोन्ही एकाच जागी?"

"एकाच जागी. शेजारीशेजारी."

"मुकाबला!" तो म्हणाला.

मला वाटलं, पोरगं तिकडे कोणाशी तरी क्रिकेटबद्दल बोलून राहिलं.

"हे बघ, ढिलं काम नको. कसून पाहिजे."

"मामू, असं कसून की जमीन हलंल. कुठं उतरायचं?"

मी दवाखान्याचं नाव सांगितलं. "गेटवर उतरवा. आत कसं न्यायचं ते मी बघतो."

"दवाखान्यात? काय खुशी हाय?"

"भाचीला मुलगी झाली."

तो हळव्या आवाजात म्हणाला, "पोरगी झाली आन् दोन बाजा. दिल जितलं तुमी. आमाला लोक पोरगं झालं तरच बोलावतेत, आन् तेबी एकावर भागवतेत. माझ्याकडं एकच हाय, पण दुसरा मी कुठूनबी आणतो. फिकर करू नका."

मी फोन ठेवला आणि मला भरून आलं. एका बाजेसाठी इतकी तळमळ असणारी माणसं अजून जिल्ह्यात आहेत, असं मी शिलाला रात्री जेवताना सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "पोरगं मुकाबला काहून म्हणलं?" मी म्हणालो, "तुला प्रत्येक गोष्टीत शंका." तिचं बरोबर निघण्याची ही त्या आठवड्यातली दुसरी वेळ.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर थांबलो. सोबत सोनाजीराव. त्यांना मी बोलावलं नव्हतं; सरकारी आवारात सामान न्यायचं तर अनुभवी माणूस लागतो, असं म्हणून ते आपणहून आले. पांढरा सदरा, पांढरी पँट, डोळ्यांवर काळा चष्मा, खिशाला दोन पेन. मी कामाचे कपडे घातले होते, कारण बाजा उचलायच्या होत्या. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

रस्त्याच्या वळणावर दोन पिकअप दिसले. मला वाटलं, एका गाडीत मावणाऱ्या दोन बाजांना दोन गाड्या काहून? मग गाड्या जवळ आल्या. पहिल्या गाडीतून लाल कोट, सोनेरी झालर, हातात पितळी वाद्यं घेतलेली माणसं उतरली. दुसरीतून दुसऱ्या गावची बँजो पार्टी उतरली, स्पीकर, जनरेटर आणि ढोलासकट. दोघांनी 'शांतता राखा' या पाटीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जागा घेतली. सोहेल माझ्याजवळ आला, मिठी मारली, "मुबारक हो मामू," म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने हात वर केला.

पुढे जे झालं ते ऐकण्यासारखं नव्हतं, पण न ऐकायची सोय नव्हती. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गेटजवळच्या कडुलिंबावरचे बगळे उडाले ते दोन दिवस आले नाहीत. मी सोहेलच्या कानाशी ओरडलो, "अरे, बाज! झोपायची बाज!" तो मान डोलावत ओरडला, "आज कोण झोपते, मामू!"

आणि दवाखाना जागा झाला. तुमचा, साहेब, जो कोणाच्या हाका ऐकून जागा होत नाही. पाव्हणे कधीही येतील, तयार राहा, असा तुमचाच आदेश होता. पहारेकऱ्याने गेटच्या दोन्ही फळ्या उघडल्या. त्यातली डावी उघडते हे पुष्कळांना त्या दिवशी कळलं. बाबू हार घेऊन धावत आला. हार प्लास्टिकच्या फुलांचा होता, त्यामुळे वाट पाहूनही सुकला नव्हता. त्याने मला पाहिलं, माझे कपडे पाहिले, माझ्या बाजूने पुढे गेला आणि हार सोनाजीरावांच्या गळ्यात घातला.

सोनाजीरावांनी मान थोडी खाली केली. एवढंच. म्हणाले काही नाही. मी नंतर त्यांना विचारलं की तुम्हाला समजत नव्हतं का. ते म्हणाले, "हार कोणी घालत असला तर मधे बोलणं बरं दिसते का?"

आत सिस्टरचा आवाज आला, "खाली कोणी दिसायला नको! उचला! सगळ्यांना नव्या वॉर्डात घ्या!" माणसं धावली. नव्या वॉर्डाचं मागचं दार उघडलं, गाद्यांवरची प्लास्टिकं ओरबाडली, चादरी पसरल्या. दवाखान्याकडे माणसं कमी आहेत, असं तुम्ही नेहमी सांगता. त्या सकाळी प्रत्येक बाईला उचलायला दोन माणसं होती आणि एक नुसतं 'हळू, हळू' म्हणायला. पाहुणे फितीजवळ पोचेपर्यंत सगळ्या बाया खाटांवर, पांघरूण छातीपर्यंत, जणू जन्मल्यापासून तिथेच आहेत.

मी बाबूच्या बाहीला धरून सांगत होतो, "अहो, हे ते नव्हेत, आणि तो बाजा माझा आहे." त्याने आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "फोटो काढा, आन् मधे येऊ नका." तर साहेब, नोटिशीत तुम्ही म्हणता की सदर इसमाने संपूर्ण कार्यक्रमाचं चित्रीकरण केलं. खरं आहे. तुमच्याच माणसाच्या मोबाइलवर केलं. फोटो चांगले आले आहेत.

सोनाजीरावांनी फीत कापली. नारळ वाढवला. दोन शब्द बोलले, म्हणजे पंधरा मिनिटं बोलले, त्यात त्यांच्या काळात खोदलेल्या एका हातपंपाचा उल्लेख तीनदा आला. रणजीतचा तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. "मामा, मागं काय वाजून राहिलं?" मी म्हणालो, "तुझ्या पोरीचा बाजा." त्याचे डोळे भरले. मी खुलासा केला नाही. माणसाला एखादी गोष्ट चुकून तरी चांगली वाटू द्यावी.

गर्दी बाहेर चहाला गेल्यावर मी ज्योतीजवळ गेलो. ती खाटेवर होती. कमरेएवढ्या उंच. तिने मला दाखवलं: पाय खाली सोडले, खाटेची कड धरली, उठून बसली. कुशीवर नाही, भिंत नाही. मग पुन्हा आडवी झाली, लेकराला जवळ घेतलं, आणि माझ्याशी बोलता बोलता, वाक्य अर्धं ठेवून, झोपली. बाहेर मुकाबला ऐन रंगात होता. ती झोपली.

शेजारच्या खाटेवरून अमीरबी हळूच म्हणाली, "तेरी छत्री से ये अच्छा है, मामू."

आता पकडले कसे गेलो ते. चहा देताना बाबूने सोनाजीरावांना नम्रपणे विचारलं, "साहेब, प्रेसनोटसाठी आपलं पद कसं लिहायचं?" आणि सोनाजीराव, आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, अभिमानाने म्हणाले, "ग्रामसेवक. निवृत्त." बाबूचा कप बशीत वाजला.

मग फोन सुरू झाले. तुम्ही जिल्ह्याच्या बैठकीत होता, साहेब, तुम्हाला यायला संध्याकाळ झाली. तोवर बायांना हलवायची कोणाची हिंमत झाली नाही आणि ठेवायचीही झाली नाही. मधला मार्ग असा निघाला: बाया नव्या वॉर्डात, पण त्यांची नोंद जुन्या खोलीत, खाली फरशीवर. म्हणून दुपारचं जेवण नोंदीप्रमाणे आलं. वाढणारी बाई रिकाम्या गाद्यांजवळ एकेक ताट ठेवून गेली. अमीरबी उठून फरशीवरची ताटं आणून खाटांवर देत होती. सिस्टर जुन्या खोलीत उभी राहून रिकाम्या गादीकडे पाहत म्हणाली, "ज्योती, गोळी घ्या," आणि मग तीच गोळी घेऊन नव्या वॉर्डात आली. तिला दोष नाही. तिने तीन खेपा केल्या आणि एकदाही हसली नाही, याला नोकरी म्हणतात.

तुम्ही आलात. जीपमधून उतरताच म्हणालात, "उद्घाटन रद्द."

अमीरबीने विचारलं, "साहेब, रद्द कसं? फीत तुटली, नारळ फुटला, बाजा वाजला. निकाह झाल्यावर रद्द व्हायला तलाक लागतो."

"बाई, तो माणूस अधिकृत नव्हता."

"कैची तर अधिकृत होती? तुमच्याच ऑफिसची हाय."

तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "तुम्ही शिकलेले दिसता. समजून घ्या. पाहुण्यांना कळलं तर माझी पंचाईत होईल."

मी म्हणालो, "साहेब, तिच्या पोटाला टाके आहेत."

"सगळ्यांनाच आहेत," तुम्ही म्हणालात. मी हे वाक्य तसंच्या तसं लिहिलं आहे. त्याला मीठमसाला लावायची माझी ऐपत नाही.

मग बाया उतरल्या. सकाळी एकेकीमागे तीन माणसं धावली होती, संध्याकाळी एकही नव्हतं. ज्योती कशी उतरली, पुन्हा फरशीवर कशी बसली, आधी हात, मग गुडघा, मग कूस, आणि तिच्या तोंडातून कोणता आवाज निघाला, ते मी लिहीत नाही. तुम्ही तिथेच होता. पण तुम्ही फोनवर बोलत होता, म्हणून सांगतो की आवाज निघाला. रात्री तिचा एक टाका ओला झाला. तुमच्या डॉक्टरांनी सकाळी विचारलं, "वजन उचललं का?" ती म्हणाली, "उचललं. माझंच."

खोलीला पुन्हा कुलूप लागलं. नवी फीत गावात मिळाली नाही, म्हणून कापलेल्या फितीला गाठ मारून तीच दाराला बांधली. अजून आहे, कोणीही जाऊन पाहावं.

दुसऱ्या दिवशी अन्सारचाचा खऱ्या बाजा घेऊन स्वतः आले, पुतण्याच्या वतीने मान खाली घालून. गेटवर पहारेकऱ्याने अडवलं. आता तोंडी परवानगीही बंद झाली होती, लेखी मागितली तर बाबू म्हणाला, "सांगितलं होतं ना, लेखी मागू नका." चाचांनी बाजा गेटबाहेर लिंबाखाली ठेवल्या. पेशंटचे नातेवाईक त्यांच्यावर आळीपाळीने बसले. ज्योतीला आम्ही मुदतीआधी घरी नेलं, सही माझी आहे. एक बाज आज साखऱ्याला आहे, एक रुक्सारच्या घरी. सोहेलने परवा फोन करून विचारलं, "मामू, बारशाला किती?" मी त्याला म्हणालो, "एक. आणि या वेळी वाजवायचाच बाजा, झोपायची बाज नव्हे."

हा माझा खुलासा. गुन्हा कबूल आहे: मी भाचीला उपयोगी वस्तू द्यायला गेलो, आणि तुमच्या दवाखान्यात काही तास खाटांवर बाळंतिणी झोपल्या. मला काय करायचं ते करा. पण मला लिहायला सांगितलंत, तसं आता तुम्ही लिहा. पाहुण्यांची तारीख विचारत नाही, नियमाचा नंबर विचारत नाही. ज्योतीच्या जागेवर आज दुसरी कोणी पोरगी फरशीवर पडली आहे, तिच्याही पोटाला टाके आहेत, आणि भिंतीपलीकडे खाटा रिकाम्या आहेत. ती खाली काहून झोपली आहे? तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा, साहेब. काहून?